मोठे शब्द आणि मूठभर माती
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला एक उतारा मराठीत उतरवायचा होता. उताऱ्याच्या शेवटी एक म्हातारा शिक्षक वारतो आणि त्याला त्याच्या गावी 'लेड टू रेस्ट' करतात, असे वाक्य होते. मी शब्दाला शब्द ठेवून लिहिले, "त्यांना गावी विश्रांतीसाठी ठेवण्यात आले." सरांनी ते मोठ्याने वाचले आणि वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "मग उठले कधी?" सरही हसले आणि त्यांनी फळ्यावर लिहिले, 'दफन करण्यात आले.' मी धीर करून विचारले, "सर, 'माती दिली' म्हटले तर?" सर क्षणभर थांबले. म्हणाले, "अर्थ बरोबर आहे. पण परीक्षेत लिहू नकोस, ते बोलीतले वाटते."

सरांवर माझा राग नाही. परीक्षेत गुण कशाला मिळतात हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पण माझ्या घरी माणूस गेला म्हणजे कोणी 'दफन' म्हणत नाही. "उद्या सकाळी माती आहे" असा सांगावा येतो, आणि ऐकणारा हातातले काम टाकून निघतो. हा शब्द लहान आणि तो मोठा, हे कोणी ठरवले? या प्रश्नाने मला वर्षभर सोडले नाही. तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आमच्या गावाजवळच्या छावणीतल्या जुन्या इंग्रज दफनभूमीत एकतीस वर्षे माळीकाम करीत होते. गावात तिला 'गोऱ्यांचे मसण' म्हणतात. गवत काढायचे, पालापाचोळा झाडायचा, पावसाळ्यात कलंडलेले दगड पहारीने सरळ करायचे, हे त्यांचे काम. मी लहानपणी त्यांची भाकरी घेऊन तिकडे जात असे. कोणत्या झाडाखाली किती कबरी आहेत आणि कोणत्या दगडाला कुठे चीर गेली आहे, हे आबांना तोंडपाठ होते. दगडावर काय लिहिले आहे, एवढे मात्र ठाऊक नव्हते. आबांना अक्षरओळख नाही, आणि माझ्या वडिलांची शाळा चौथीत सुटली.

प्रथम वर्षाची परीक्षा झाल्यावर मी वही आणि खिशातला शब्दकोश घेऊन आबांबरोबर तिथे गेलो आणि एकेक दगड वाचून त्यांना सांगू लागलो. कुठे 'बरीड' होते. एका मोठ्या अंमलदाराच्या उंच खांबावर 'इंटर्ड' आणि 'मॉर्टल रिमेन्स' होते. एका दोन वर्षांच्या मुलीच्या दगडावर 'फेल अस्लीप' होते, म्हणजे ती झोपी गेली. कुठे 'लाइज', कुठे 'रेस्ट्स', कुठे 'डिपार्टेड धिस लाइफ'. दोन तास हे चालले होते. शेवटी आबांनी खुरपे खाली ठेवले आणि विचारले, "म्हंजी समदे पुरलेलेच न्हवं?"

"हो आबा."

"मग येवढे येगळे येगळे शबुद कशापायी?"

मित्रहो, इंग्रजीच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मला इतका अवघड प्रश्न आलेला नाही. उत्तर शोधायला मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले मोठे शब्दकोश उघडले. जे सापडले ते थोडक्यात सांगतो.

सगळ्यांत जुना आणि साधा शब्द म्हणजे 'बेरी'. त्याची अक्षरे बी, यू, आर, वाय अशी असल्यामुळे बारावीपर्यंत मी तो 'ब्युरी' असा वाचीत होतो. दोष सर्वस्वी माझा नव्हे. या शब्दाचे लिहिणे इंग्लंडच्या एका भागातले आणि उच्चार दुसऱ्या भागातला, केंटकडचा, अशी त्याची गंमत आहे. म्हणजे आज ज्याला शुद्ध इंग्रजी उच्चार म्हणून आपण घोकतो, तो एके काळी एका प्रांताच्या बोलीतलाच होता! प्राचीन इंग्रजीत याचे रूप 'बिर्गन' असे होते. अर्थ मातीचा उंचवटा करणे, झाकणे, पुरणे. सांभाळणे, आसरा देणे अशा अर्थाच्या ज्या जुन्या धातूपासून तटबंदीच्या गावाला लावायचा शब्द निघाला, त्याच्याशी 'बेरी'चे नाते सांगतात. कँटरबरी या गावाच्या नावातले शेवटचे 'बरी' तेच. तेव्हा इंग्रजांच्या पूर्वजांनी माणूस पुरला तेव्हा त्यांच्या मनात टाकून देणे नव्हते, झाकून सांभाळणे होते. 'ग्रेव्ह' हा शब्दही असाच हाताच्या कष्टाचा आहे. तो खणणे या क्रियापदातून आला. दगडावर अक्षर कोरायला जो 'एन्ग्रेव्ह' हा शब्द आहे, तोही त्याच घराण्यातला. खड्डा खणणे आणि नाव कोरणे या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून निघाल्या, हे वाचून मला फार बरे वाटले.

मग 1066 साल आले. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे दरबार, कायदा व उमरावांच्या घरांतून फ्रेंच बोलली जाऊ लागली. गोठ्यातली मेंढी इंग्रजीत 'शीप' राहिली आणि ताटात आली की 'मटन' झाली, हे उदाहरण आपण वर्गात ऐकले आहे. मरणाचेही तसेच झाले. फ्रेंचमधून 'इंटर' आणि 'सेपल्कर' आले, लॅटिनमधून 'इन्ह्यूम' आला. 'इंटर'ची फोड केली तर 'इन' म्हणजे आत आणि 'टेरा' म्हणजे माती. 'इन्ह्यूम'मधला 'ह्यूमस' म्हणजेही मातीच. ज्या शब्दापुढे आम्ही माना खाली घालतो, त्याचा अर्थ सरळ मराठीत 'मातीत घालणे' एवढाच निघाला! आबांचा 'माती दिली' आणि त्या उंच खांबावरचा 'इंटर्ड' हे मुळात एकाच अर्थाचे. फरक इतकाच, की एक शब्द शेतातून चालत आला आणि दुसरा दरबारातून पालखीत बसून आला.

'सेमेटरी' या शब्दाची कथा वेगळी आहे. तो मूळचा ग्रीक आणि त्याचा अर्थ झोपण्याची जागा. मेलेली माणसे शेवटच्या दिवशी उठणार आहेत, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. म्हणून त्यांनी पुरण्याच्या जागेला झोपण्याची जागा म्हटले. 'लेड टू रेस्ट' आणि त्या लहान मुलीच्या दगडावरचे 'फेल अस्लीप' यांच्या मागे हीच भावना आहे. माझे भाषांतर वाईट होते हे मी कबूल करतो. पण "मग उठले कधी?" हा मागच्या बाकावरचा प्रश्न त्या मित्राला वाटला तेवढा विनोदी नव्हता. त्या मुलीच्या आईने तो दगड त्याच प्रश्नाच्या आशेवर बसवला असेल.

इथपर्यंत मला कोणत्याच शब्दाविषयी तक्रार नाही. कोणी श्रद्धेने 'झोपला' म्हणते, कोणी 'पुरला' म्हणते. तक्रार तेव्हा सुरू होते, जेव्हा शब्द दुःखासाठी न वापरता दिमाखासाठी वापरला जातो. प्रेताची पेटी म्हणजे 'कॉफिन'. हा शब्द टोपली अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात लोकांना तो नकोसा झाला आणि त्यांनी दागिन्यांच्या पेटीचे नाव, 'कास्केट', प्रेताच्या पेटीला दिले. प्रेताची व्यवस्था पाहणारा 'अंडरटेकर' म्हणजे नुसता काम अंगावर घेणारा. कोणते काम, ते म्हणायचे नाही! तेवढ्यानेही समाधान झाले नाही, म्हणून 1895 मध्ये अमेरिकेतल्या त्या धंद्यातल्या लोकांनी 'फिजिशियन'च्या चालीवर 'मॉर्टिशियन' हा शब्द घडवला. नाव बदलले की किंमतही चढते, हे आपल्या बाजारपेठेतल्या कोणालाही समजेल.

नेमका त्याच शतकात इंग्लंडच्या गरिबाच्या वाट्याला कोणता शब्द आला होता? 'पॉपर'स फ्युनरल', म्हणजे भिकाऱ्याची माती. गावकीच्या खर्चाने, साध्या फळ्यांच्या पेटीत, अनेकांच्या सामाईक खड्ड्यात. 1832 च्या अ‍ॅनॅटमी कायद्याने तर गरिबांच्या 'वर्कहाउस'मध्ये मेलेल्या आणि कोणी मागायला न आलेल्या गरिबांची प्रेते वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी देण्याची सोय केली. म्हणून कामकरी लोक पोटाला चिमटा घेऊन दर आठवड्याला 'बेरिअल क्लब'मध्ये पैसे भरीत. हेतू एकच, मेल्यावर तरी आपली माती आपल्या पैशाने व्हावी. हे वाचताना मला सातासमुद्रापलीकडचे काही वाचतो आहे असे वाटले नाही. आमच्या आळीतल्या बायकांची भिशी आठवली.

आता कोणी म्हणेल, साहित्यात तरी भारी शब्द हवाच. त्याला मी शेक्सपिअरकडे पाठवीन. 'ज्यूलिअस सीझर' नाटकातले अँटनीचे भाषण आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्याच्या सुरुवातीच्या काही ओळींतच हे दोन्ही शब्द येतात. 'इंटर' येतो तो माणसांची सत्कृत्ये त्यांच्या हाडांबरोबर जातात, हे सांगताना. पण प्रत्यक्ष सीझरसाठी, ज्याच्यापुढे रोम वाकले त्याच्या प्रेतासाठी, अँटनीच्या तोंडी साधा 'बेरी'च घातला आहे. समोर बाजारातले लोक उभे होते. त्यांच्या काळजाला हात घालायचा तर त्यांच्या घरचाच शब्द हवा, हे त्या नाटककाराला कळत होते.

मग शब्दांनी न करता प्रत्यक्ष करणीने मेलेल्यांना सारखे मानल्याचे उदाहरण इंग्रजांत आहे की नाही? आहे, आणि तेही मी पाहून आलो आहे. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, साम्राज्यातल्या सैनिकांच्या कबरींसाठी एक आयोग नेमला गेला. त्याने ठरवले, की अंमलदार असो वा साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. श्रीमंताने पैसे टाकून मुलाचे प्रेत घरी न्यायचे नाही, मोठा खांब उभारायचा नाही. यावर तिकडे पुष्कळ आरडाओरड झाली, पण नियम टिकला. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडासाठी शब्द सुचवले ते मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने. त्याचा स्वतःचा मुलगा 1915 मध्ये लूसच्या लढाईत गेला होता आणि बापाच्या हयातीत त्याचा देह सापडला नाही. एवढा शब्दप्रभू, पण मुलाच्या दुःखात त्याने निवडले ते तीन अगदी साधे शब्द. याला देव ओळखतो, एवढाच त्यांचा अर्थ.

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही पुण्याला गेलो होतो. तेव्हा मी एक दुपार काढून खडकीची युद्ध-दफनभूमी पाहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक सैनिकांना तिथे माती मिळाली आहे. दगडांच्या सरळ रांगा, सारखी उंची, नाव, हुद्दा, तारीख. छावणीतल्या त्या उंच खांबाची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ते पाहून खरोखर समाधान झाले. घरी येऊन मी आबांना सांगितले, "तिथं साहेब आन शिपाई एकसारखे हायेत."

पण पुढचे वाचले आणि ते समाधान निम्मे झाले. 2021 च्या एप्रिलमध्ये त्याच आयोगाने, म्हणजे आजच्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने, एक चौकशी-अहवाल प्रसिद्ध केला आणि जाहीर क्षमा मागितली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या, मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्तच्या 45 ते 54 हजार माणसांच्या वाट्याला गोऱ्यांच्या बरोबरीचे स्मारक आले नव्हते. आणखी किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावे कुठेच कोरली गेली नव्हती. त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले. समानतेचा नियम 1917 चा, आणि तो सगळ्यांना लागू झाला नव्हता याची कबुली 2021 ची. मध्ये शंभरावर वर्षे गेली. एवढ्या वर्षांत 'सॅक्रिफाइस', 'ग्लोरी' असले मोठे शब्द कमी पडले नव्हते. कमी पडले ते नाव कोरणारे हात.

माझे म्हणणे इथेच येते. मेलेल्या माणसाचा मान शब्दाच्या वजनावर नसतो. तो दोन गोष्टींवर असतो. त्याला कोणी आपल्या हाताने माती दिली का, आणि त्याचे नाव कोणी जपले का. हे झाले असेल तर 'पुरला' हा शब्दही पवित्र आहे. झाले नसेल तर 'इंटर्ड' म्हटल्याने आणि 'पार्थिव अनंतात विलीन' असे छापल्याने काही भरून येत नाही.

कारण हा रोग इंग्रजीलाच आहे असे नव्हे. आपल्याकडेही तीन मजली घर आहे. तळाला 'माती'. मधल्या मजल्यावर अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले 'दफन' आणि 'कबर'. वर संस्कृतातली 'समाधी' आणि 'अंत्यसंस्कार'. आमच्या घरात जाळण्याची नव्हे, पुरण्याची रीत आहे. तरी शाळेच्या निबंधात मी "आजीला अग्नी दिला" असे लिहिले होते, कारण पुस्तकात तसेच असते. खोटे लिहून मला दहापैकी आठ गुण मिळाले. आज त्याची लाज वाटते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शब्दांची विपुलता ही भाषेची श्रीमंती नव्हे काय? आहे, आणि मी कोणताही शब्द कोशातून काढा असे म्हणत नाही. न्यायालयाच्या हुकमाने प्रेत उकरून काढायचे असेल तेव्हा 'एक्झ्यूम' हाच नेमका शब्द आहे. राजा मॉसोलस याच्या भव्य थडग्यावरून आलेला 'मॉसोलिअम' हा शब्द तशाच थडग्याला शोभतो. काम नेमके असेल तिथे शब्दही नेमका हवा, मग तो लॅटिन असो की ग्रीक. माझा विरोध आहे तो साधा शब्द लाजेने टाकून देण्याला. विशेषतः आपल्यासारख्यांना, ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच कोणी चढले आहे, ही लाज फार लवकर शिकवली जाते. इंग्रजी शिकता शिकता आपण घरचे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवतो, आणि मग इंग्रजीतही साधा शब्द लिहायचे धैर्य राहत नाही. 'बरीड' येत असताना 'इंटर्ड' लिहितो, कारण त्याने आपण शिकलेले दिसतो.

शेवटी घरचीच एक गोष्ट सांगून थांबतो. आजी गेली तेव्हा मी सहावीत होतो. तिला गावाच्या कडेला, ओढ्याच्या वर माती दिली. उशाला दोन धोंडे ठेवले आणि करंजाचे रोप लावले. रोप शेळ्यांनी खाल्ले. दोन पावसाळ्यांत धोंडे वाहून गेले. आज ती जागा नेमकी कोणती हे आम्हांला सांगता येत नाही. एकतीस वर्षे परक्यांच्या कबरींवरचे गवत काढणाऱ्या, प्रत्येक दगडाची चीर ओळखणाऱ्या माझ्या आबांना स्वतःच्या बायकोची जागा दाखवता येत नाही. हे मी कोणावर ठपका ठेवायला सांगत नाही. आम्हीच तेव्हा दगड बसवू शकलो नाही.

या दिवाळीत मी आणि वडिलांनी ठरवले आहे, की ओढ्यावर अंदाजाने का होईना, एक दगड बसवायचा. त्यावर काय लिहावे म्हणून मी वहीत बरीच वाक्ये जुळवली होती. छावणीत वाचलेल्या इंग्रजी दगडांचा प्रभाव त्यांत स्पष्ट दिसत होता. आबांना ती सगळी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "तिचं नाव लिव्ह. तिला माती दिली आसं लिव्ह. बाकी काय बी नगं."

सर, परीक्षेत मी आपल्या सांगण्याप्रमाणे 'दफन'च लिहीन. दगडावर मात्र आबांचे वाक्य कोरणार आहे.